खोली रिकामी करताना : माळ्यावरची ट्रंक आणि अकरा किलो रद्दी

रविवारी टेम्पो येणार होता. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही अकरा किलो रद्दी विकली. किलोला 14 रुपयांप्रमाणे 154 रुपये आले. त्यातून चिकटपट्टीचे दोन रोल आणि सुतळीचा एक गुंडा आणला, उरलेल्या पैशांत सगळ्यांचा कटिंग चहा झाला. शनिवारी सकाळी आईने विचारलं, "ट्रंकेतलं लाल फडक्यात बांधलेलं अण्णांचं होतं, ते कुठल्या खोक्यात भरलंत रे?"

आम्ही तिघं भावंडं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

हा लेख त्या अकरा किलोंबद्दल आहे. चळवळीत वावरणारे, 14 एप्रिलला इतिहासावर भाषणं ठोकणारे, "आमचा इतिहास दडपला गेला" असं जागोजागी लिहिणारे आम्ही, आणि आमच्याच हाताने आम्ही काय केलं हे तरुण मित्रांना सांगावं म्हणून लिहीत आहोत. वाचून कुणी आम्हाला नावं ठेवली तरी चालेल. पण ज्यांच्या घरी पुढच्या महिन्यात टेम्पो येणार आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावं.

आमची खोली वरळीच्या बीडीडी चाळीतली. 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने या चाळी बांधल्या. वरळीत 121, आणि नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी मिळून एकूण 207. तळमजला अधिक तीन मजले, मधून काळोखा पॅसेज, दोन्ही अंगांना खोल्या, आणि प्रत्येक खोली 160 चौरस फुटांची. रत्नागिरीकडून आलेले आजोबा इथे राहिले, गिरणीत रिंग खात्यात लागले. अण्णाही त्याच खात्यात. एके काळी या खोलीत आम्ही नऊ माणसं झोपायचो. गावाहून कुणी आलं की पुरुषांची वळकटी पॅसेजमध्ये. आता चाळी पाडून टॉवर होत आहेत, 500 चौरस फुटांचं घर मिळणार आहे. आमच्या इमारतीचा नंबर लागला म्हणून ही आवराआवर.

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. चाळ सुटली म्हणून गळा काढणाऱ्यांतले आम्ही नाही. चाळ संस्कृतीवर हळवे लेख लिहिणाऱ्यांनी पहाटे पाच वाजता हातात डबा घेऊन सार्वजनिक संडासाच्या रांगेत एकदा उभं राहावं, मग लिहावं. आईने चाळीस वर्षं पाण्याचं पिंप भरलं. तिला घरात नळ आणि संडास मिळतोय यात आम्हाला दुःख शोधायचं नाही. दुःख वेगळ्याच गोष्टीचं झालं.

सामान भरायला सुरुवात केली तेव्हा सगळ्यात आधी काय बाजूला काढलं? फाईल. प्रत्येक खोलीत ती फाईल आहे. भाडेपावत्या, लाईट बिलं, रेशनकार्ड, खोली नावावर झाल्याचं पत्र, आधार, आणि या सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. त्यातच आजोबांच्या शाळेचा दाखला. आजोबा दुसरीपर्यंत शिकले, पण त्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात 'महार' लिहिलेलं आहे आणि तारीख 10 ऑगस्ट 1950 च्या आधीची आहे. जातीचा दाखला, पडताळणी, शिष्यवृत्ती, नोकरी, आमच्या तीन पिढ्यांचं सगळं त्या एका चिटोऱ्यावर टांगलेलं आहे. धाकटीने एकदा रागाने म्हटलं होतं, "बावीस प्रतिज्ञा घेतल्या, बौद्ध झालो, आणि तरी हा शब्द प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून जपायचा?" तिचं खरं आहे. पण दाखला जपला. ती फाईल टेम्पोत जाणार नाही, खोक्यात जाणार नाही, आईच्या हातातल्या पिशवीत जाणार, हे कुणी न सांगता ठरलेलं होतं.

म्हणजे बघा, सरकार जे कागद मागतं ते आम्ही डोळ्यात तेल घालून सांभाळतो. त्याची झेरॉक्स कुठे आहे, मूळ प्रत कुठे आहे, घरातल्या लहान पोरालाही माहीत असतं. आणि जे कागद सरकार कधीच मागणार नाही, पण ज्यांत आमची माणसं काय बोलली, काय ठरवलं, कुणी किती वर्गणी दिली हे आमच्याच माणसांनी लिहून ठेवलंय, ते माळ्यावर. पत्र्याच्या ट्रंकेत. जुन्या गोधडीखाली.

ती ट्रंक आम्ही गुरुवारी रात्री खाली उतरवली. साडेअकरा वाजून गेले होते. दोन दिवस रजा काढून सामान बांधत होतो, कंबर धरली होती, नाकातोंडात धूळ गेली होती. कडी गंजली होती ती बत्त्याने ठोकून उघडली. वर आजीची पांढरी साडी. तिच्याखाली अण्णांचा गिरणीचा पास, एक मोडका चष्मा, काही फोटो. आणि लाल फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा. फडकं सोडलं तशी कसर पळाली. वरवर चाळलं. पावतीपुस्तकं, छापील पत्रकं, 'प्रबुद्ध भारत'चे काही अंक, कडा तुटलेले, हात लावला की तुकडा पडणारे. एक शाळकरी वही, तिच्यात गाणी. एक पुठ्ठ्याच्या बांधणीची मोठी वही. "मंडळाच्या जुन्या पावत्या दिसतायत," आमच्यातला एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "राहू दे की." तिसरी म्हणाली, "ठेवणार कुठे?"

हा प्रश्न खोटा नव्हता. भाड्याच्या घरासाठी दोन महिने फिरलो होतो. एका दलालाने घर दाखवलं, सगळं ठरत आलं, मग जिना उतरताना सहज विचारावं तसं आडनाव विचारलं. आडनाव गावाच्या नावावरून आहे, त्याला अंदाज येईना. मग म्हणाला, "तसं काही नाही हो, मालकांना फक्त व्हेज पाहिजेत." दुसऱ्याने जास्त प्रेमाने सल्ला दिला, "ॲग्रीमेंट होईपर्यंत भिंतीवर फोटो-बिटो लावू नका." शेवटी जे घर मिळालं ते खोली अधिक स्वयंपाकघर एवढंच. त्यात आईचं कपाट, मशीन, मुलांची पुस्तकं. ट्रंकेला जागा नव्हती. साडी, पास आणि फोटो काढून घेतले, ट्रंक भंगारात द्यायची ठरली आणि लाल फडक्यातला गठ्ठा वर्तमानपत्रांच्या ढिगाला टेकून ठेवला गेला. कुणी ठेवला हे आज तिघंही सांगू शकत नाही. खरं म्हणजे तिघांनीही ठेवला.

शनिवारी सकाळी आम्ही रद्दीवाल्या चाचांच्या दुकानात धावलो. ते तराजू पुसत बसले होते. "कल का माल तो रात को ही गोदाम गया," म्हणाले. आमची तोंडं बघून त्यांनी विचारलं, नोटा होत्या का, घराचे कागद होते का. नाही म्हटल्यावर त्यांना समजेना की मग एवढं काय. त्यांनी आतल्या बाजूला जाऊन एक पोतं उलटं केलं. रद्दीच्या धंद्यात पुठ्ठा वेगळा आणि कागद वेगळा, त्यामुळे पुठ्ठ्याच्या बांधणीच्या वह्या ते बाजूला टाकतात आणि सवडीने पुठ्ठा फाडून काढतात. त्या ढिगात ती मोठी वही होती. एका बाजूचा पुठ्ठा निघालेला, पानं शाबूत. बाकी सगळं गेलं होतं. चाचांनी पैसे घेतले नाहीत. गोदामाचा पत्ता दिला, आम्ही तिथेही गेलो. डोंगराएवढ्या दाबलेल्या गठ्ठ्यांपुढे उभं राहिलो आणि परत आलो.

काय काय गेलं ते नंतर आईने सांगितलं, तेव्हा कळलं. 1974 च्या दंगलीच्या वेळी चाळीत वाटलेली पत्रकं. अण्णांना गावच्या शाखेकडून आलेली पत्रं. आणि ती शाळकरी वही, ती अण्णांची नव्हतीच. तिसऱ्या मजल्यावर एक काका राहायचे, गिरणीत जॉबरच्या हाताखाली होते, रात्री हार्मोनियम घेऊन बसायचे. स्वतः गाणी रचायचे, दर भीमजयंतीला नवीन. ती वही त्यांनी मरायच्या आधी अण्णांकडे दिली होती, पोरं दारूत विकतील म्हणून. आम्ही शुद्धीत असताना विकली. काकांच्या मुलाला भेटलो तर त्याला दोन गाण्यांच्या चाली आठवतात, शब्द नाहीत.

शनिवारची रात्र आम्ही सामान बांधायचं सोडून ती वही वाचत काढली. खोकी अर्धवट, पंखा उतरवलेला, बल्ब तेवढा राहिला होता. ती आमच्या गावच्या मुंबई शाखेची इतिवृत्ताची वही. 1971 पासून अण्णा चिटणीस, त्यामुळे बहुतेक पानं त्यांच्या अक्षरात. अण्णा सातवी पास. पण सभेचे अध्यक्ष, सूचक, अनुमोदक, हजर सभासदांच्या सह्या, कुठे म्हणून चूक नाही. ज्यांना सही येत नव्हती त्यांचे अंगठे, आणि अंगठ्याशेजारी अण्णांनी नाव लिहिलेलं. पुढे पुढे त्यातले काही अंगठे जाऊन तिथे वाकड्यातिकड्या सह्या येतात. शाखेने रात्रीचा वर्ग चालवला होता हे त्या सह्यांवरूनच आम्हाला कळलं.

1972 च्या दुष्काळात गावाला धान्य पाठवायचा ठराव. ग्रंथालयासाठी घेतलेल्या 43 पुस्तकांची यादी, किमतींसकट. मग जानेवारी 1974. वाचणाऱ्यांना माहीत असेल, 5 जानेवारीला इथल्याच आंबेडकर मैदानात पँथरची सभा झाली, दगडफेक झाली, आणि वरळी-नायगावच्या चाळींत दंगल पेटली. 10 जानेवारीला परळला मोर्चावर वरून दगड टाकला गेला आणि भागवत जाधव शहीद झाले. या दंगलीच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती भस्मे यांचा आयोग बसला, त्याचा अहवाल आहे, अभ्यासक तो वाचतात, त्यावर लिहितात. अण्णांच्या वहीत त्या महिन्याचं एकच पान आहे. पोलिसांनी उचललेल्या चाळीतल्या चार मुलांच्या जामिनासाठी प्रत्येक खोलीमागे दोन रुपये. खाली खोल्यांचे क्रमांक आणि पैसे. एका खोलीसमोर लिहिलंय, 'पैसे नाहीत, तांदूळ दिला.' आणखी एका खोलीसमोर, 'घरात कोणी नाही, दार फोडलेले.' आयोगाच्या अहवालात आमची खोली कुठल्या शब्दात असेल ती असो. फोडलेलं दार अण्णांनी नोंदवलं होतं, आणि ते पान पुठ्ठा जाड होता म्हणून वाचलं.

1978 ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाल्यावर मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या, तेव्हा शाखेने कपडे आणि भांडी गोळा केली. तिथेही यादी आहे. पातेली 11, पेले 40, लुगडी 26. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला आणि पुढच्या सभांमध्ये महिन्यामागून महिना एकच ओळ येते, 'वर्गणी जमा नाही.' पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात चैत्यभूमीवर येणाऱ्या लोकांसाठी पाण्याचा स्टॉल लावल्याची नोंद आहे. पिंपं कुणाकडून आणली तेही. पगार बंद असताना.

आम्ही वाचत होतो, आई भिंतीला टेकून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "माझं नाव आहे का कुठं?"

आम्ही शोधलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत उलटून पाहिलं. 'भोजनाची व्यवस्था महिलांनी केली' अशा ओळी सात ठिकाणी सापडल्या. नाव एकदाही नाही. आई हसली. म्हणाली, "दोनशे माणसांचा भात एका दमात उतरवायचो आम्ही चौघी. हात भाजलेला ते पण नाय लिवलं." मग तिने त्या चौघींची नावं सांगितली, खोली नंबरसकट. जामिनाच्या पैशांसाठी दारोदार कोण फिरलं होतं तेही. पुरुष मंडळी पोलिसांच्या भीतीने चाळीत येतच नव्हती, दोन रुपये गोळा केले ते बायकांनी, आणि अण्णांनी हिशोब नंतर लिहिला. वहीत 'सभासदांनी वर्गणी जमा केली' एवढंच आहे.

अण्णांबद्दलचा आमचा आदर यामुळे कमी झाला नाही, पण त्या रात्री वहीकडे बघण्याची नजर बदलली. कागद वाचवला म्हणजे इतिहास वाचला असं नाही. कागदात जे नाही ते सांगणारं माणूस अजून भिंतीला टेकून बसलेलं आहे, तोवर विचारून घेतलं पाहिजे. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी 1989 साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढलं, ते या कामासाठीच. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, भेटून, बोलतं करून त्यांनी ते लिहिलं. ते पुस्तक आमच्या कपाटात आहे. त्यातले उतारे आम्ही भाषणात वापरतो. स्वतःच्या आईला मात्र टेम्पो यायच्या आदल्या रात्री विचारलं, तेही तिनेच विषय काढला म्हणून.

आता जरा मोठ्या गोष्टीकडे येऊ. आपल्या लोकांची कागदपत्रं घर रिकामं होताना जातात, हे आज घडत नाही. 1917 साली बाबासाहेब लंडनहून परतले तेव्हा त्यांचं सामान वेगळ्या बोटीने येत होतं. महायुद्ध चालू होतं, ती बोट टॉर्पेडोने बुडाली, पुस्तकं समुद्रात गेली. त्याच वर्षी बडोद्यात ते पारशी नाव सांगून पारशी सराईत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी दारात आले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगून गेले. परदेशातून एवढं शिकून आलेला माणूस सामान गोळा करून सार्वजनिक बागेत बसला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला आला. आमच्या दलालाने जिन्यात आडनाव विचारलं तेव्हा आम्हाला हेच आठवलं. परळच्या बीआयटी चाळीतल्या 50 आणि 51 नंबरच्या दोन खोल्यांत पुस्तकं मावेनात, म्हणून त्यांनी दादरला राजगृह बांधलं. ग्रंथांना जागा हवी म्हणून घर बांधणारा नेता आपला, आणि घर लहान पडलं म्हणून कागद विकणारे अनुयायी आम्ही.

सगळ्यात मोठं नुकसान झालं ते दिल्लीत, 26, अलीपूर रोडला. 6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं ते याच घरात. त्यानंतर माईसाहेब तिथे राहात होत्या. जानेवारी 1967 मध्ये त्या बाहेरगावी असताना ते घर रिकामं करण्यात आलं. खोल्यांतले कागद उचलून अंगणात टाकले गेले आणि रात्री पाऊस आला. नानकचंद रत्तूंनी हे लिहून ठेवलं आहे. त्या अंगणात काय काय भिजलं याचा हिशोब आज कुणीही देऊ शकत नाही. पुढे जे हस्तलिखित हाती आलं त्यावर वसंत मून यांनी आयुष्य घालवलं. 1979 पासून महाराष्ट्र शासनाचे खंड निघू लागले, 1987 ला चौथ्या खंडात 'रिडल्स' आलं आणि केवढं रण माजलं ते आपण जाणतो. पण त्याच वर्षीचा तिसरा खंड उघडून बघा. 'क्रांती आणि प्रतिक्रांती'ची प्रकरणं अपुरी आहेत, बाबासाहेबांनी योजलेली काही प्रकरणं सापडलीच नाहीत. आणि 25 जून 2016 च्या पहाटे दादरचं आंबेडकर भवन पाडलं गेलं, त्यात बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेसही ढिगाऱ्याखाली गेली. आम्ही तिघंही त्यानंतरच्या मोर्चात होतो, घोषणा देऊन घसा बसला होता.

1967 साठी आपण जाब विचारतो, 2016 साठी विचारतो, आणि विचारलाच पाहिजे. पण आमच्या अकरा किलोंसाठी जाब कुणाला विचारायचा? इथे कुठला मालक नव्हता, कोर्टाचा हुकूम नव्हता, बुलडोझर नव्हता. दोन चिकटपट्ट्या आणि कटिंग चहा होता. यावर कुणी म्हणेल, बाबासाहेबांच्या हस्तलिखिताची आणि तुमच्या शाखेच्या पावत्यांची बरोबरी करता का? करत नाही. पण बाबासाहेबांचं वाचवायला आता शासन आहे, विद्यापीठं आहेत, संशोधक आहेत. जामिनासाठी तांदूळ देणाऱ्या खोलीचं वाचवायला कोण आहे? त्या खोलीचं नाव जगात एकाच कागदावर होतं.

आणि हे एका घराचं नाही. मुंबईतल्या बीडीडी चाळी एकामागून एक रिकाम्या होत आहेत. पुण्या-नागपुरातल्या जुन्या वस्त्यांचं तेच. गावाकडच्या शाखा, मंडळं, वसतिगृहं, भजनी आणि गायन पार्ट्या यांची दप्तरं कुठल्या कार्यालयात नाहीत. चिटणीसाच्या घरी आहेत. चिटणीस वारला की माळ्यावर, आणि माळा रिकामा झाला की तराजूवर. चळवळीवर पीएचडी करणारी आपलीच मुलं मग परदेशी पुस्तकांतले संदर्भ शोधत बसतात.

आम्ही आता काय करतो ते सांगतो, अनुभवाने शिकलेलं. सामान बांधायला घ्यायच्या आधी, अंगात जोर असताना, ट्रंक उघडायची. रात्री साडेअकराला अजिबात नाही, दमलेलं माणूस सगळं फेकायला तयार असतं. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस शेजारी बसवायचं आणि त्याने हो म्हटल्याशिवाय एक चिठोरंही रद्दीत टाकायचं नाही. खिडकीच्या उजेडात मोबाईलवर प्रत्येक पानाचा फोटो काढायचा, पहिल्या फोटोत वही कुणाची, कुठली, हे कागदावर लिहून ठेवायचं. आम्ही अण्णांच्या वहीची फाटकी पानं आधी चिकटपट्टीने जोडली, ती मोठी चूक झाली. जाणकाराने सांगितलं, काही वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून अक्षरं खातो. लॅमिनेशन तर नकोच. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलं की पावसाळ्यात आत घाम धरतो. स्वच्छ सुती फडकं बरं, आपल्या म्हाताऱ्यांना ते माहीत होतं. ज्यांच्या घरी जागाच नाही त्यांनी विहाराच्या कमिटीला एक कपाट मागावं. जयंतीच्या डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात दोन कपाटं येतात. हे वाक्य काहींना झोंबेल, झोंबू द्या.

रविवारी टेम्पो आला. बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर नेहमीप्रमाणे शेवटी उतरवली, ती टेम्पोत देत नाहीत, कुणीतरी मांडीवर घेऊन बसतं. आईच्या पिशवीत फाईल होती आणि या वेळी फाईलच्या खाली अण्णांची वही. आजीची पांढरी साडी तिने वहीभोवती गुंडाळली. मुंबईत 16 डिसेंबर 1956 ला बाबासाहेबांच्या हस्ते दीक्षा होणार होती, त्यासाठी आजीने ती आधीच घेऊन ठेवली होती. नेसावी लागली 7 तारखेला, दादर चौपाटीला, अंत्ययात्रेच्या गर्दीत. तिथेच दीक्षा घेतली. ही साडी आम्ही लहानपणापासून बघत होतो, तिची तारीख आईने आम्हाला त्या दिवशी जिना उतरताना सांगितली.

ट्रंकेतल्या फोटोंपैकी एक पाण्याच्या स्टॉलचा आहे, मागे कुणी काही लिहिलेलं नाही. चौदा माणसं. आमच्यातल्या एकाने पेन्सिल काढली आणि पॅसेजमध्येच समोरच्या खोलीतल्या मावशींना दाखवला. त्यांचंही सामान बांधून झालं होतं, त्या पिंपावर बसल्या होत्या. चष्मा पुसून त्यांनी एकेक नाव सांगायला सुरुवात केली, कोण कुठल्या मजल्यावर, कोण कुठल्या खात्यात, कोण कुणाची सून. नऊ नावं झाली. खालून टेम्पोवाल्याने तिसऱ्यांदा हॉर्न वाजवला. मावशींनी दहाव्या चेहऱ्यावर बोट ठेवलं होतं आणि त्या म्हणत होत्या, "थांब जरा, ही आमच्या वरच्या मजल्यावरची, काय बरं तिचं नाव..."